बाबांच्या अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड झालंय, बुरशीच असेल का?

आंबेमोहर:
बाबा ६२ वर्षांचे. संगमेश्वरजवळ आमची भातशेती, लावणीला अख्खा दिवस पाय चिखलात. चिखल्या दरवर्षी होतात, मेंदी लावतात, जातात. पण आता उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड होऊन पुढून उचललंय, खालून भुसा पडतो. दुखत नाही म्हणून ते लक्षच देत नाहीत. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, काही फरक नाही. शुगरची गोळी चालू आहे. बुरशीच्या गोळ्या सुरू कराव्यात का? की नख काढावं लागेल?

लॅबवाली:
मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वर्णनावरून बुरशी वाटते, पण कृपा करून नुसतं बघून गोळ्या सुरू करू नका. अशा बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची निघतात. बाकी सोरायसिस, जुनी ठेच, घट्ट बूट.

तपासणी साधी आहे. नखाचं टोक कापून आम्ही उचललेल्या भागाच्या शक्य तितक्या आतून भुसा खरवडतो. वरवरचा टाकून देतो, जिवंत बुरशी आत असते. काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तो मऊ पडला की मायक्रोस्कोपखाली फांद्या फुटलेले बारीक धागे दिसतात. कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, मात्र तीन-चार आठवडे लागतात. बुरशीचं औषध लावलेल्या नखात बुरशी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून ट्यूब किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारा.

बुरशी निघाली तर बहुतेक वेळा टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, १२ आठवडे देतात. त्याआधी लिव्हरची रक्ततपासणी. नख उपटायची वेळ सहसा येत नाही. आणि कोर्स संपला तरी नख तसंच दिसेल, घाबरू नका. पायाचं नख महिन्याला जेमतेम एक-दीड मिलिमीटर वाढतं, पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं. मुळाशी स्वच्छ नख येतंय का, तेवढं बघत राहा.

ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन असं स्टिरॉइडचं नाव लिहिलंय का?

पाटीलवाडी:
माझ्या आईला बुरशीसाठी इट्राकोनाझोल दिलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी तिची कोलेस्टेरॉलची गोळी तेवढे दिवस बंद ठेवली. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

आंबेमोहर:
क्लोबेटासोल आहे! बाबा म्हणतात लावणी उरकली की जाऊ.

लॅबवाली:
ट्यूब आजच बंद. स्टिरॉइडने खाज दबते, बुरशी आत पसरत राहते. अशा ट्यूब गल्लोगल्ली विकल्या जातात याचा मला फार राग येतो.

नुसत्या नखासाठी लावणीपर्यंत थांबलं तर आभाळ कोसळणार नाही. पण शुगर आहे, म्हणून रोज संध्याकाळी पाय उजेडात तुम्ही स्वतः बघा. शुगरवाल्यांना पायाची जखम कळतेच असं नाही, त्यामुळे ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. नखाच्या कडेला लाली, सूज, पू दिसला तर ते नखुरडं. त्याच दिवशी दवाखाना गाठा, घरी सुई टोचू नका. नखात काळी उभी रेघ नव्याने उमटली तरी लगेच दाखवा.

चिखल्याही त्याच बुरशीच्या असू शकतात आणि तिथूनच ती नखात शिरते. शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायला लावा. मेंदी सध्या नको, नखाचा खरा रंगच कळत नाही.