वॉरंटी संपली, गिअरबॉक्स तिसऱ्यांदा बसला. पुन्हा पैसे ओतू का?

थकलेला चालक
गाडी सहा गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा असलेली. वॉरंटी संपल्यावर ८१ हजार किलोमीटरला गिअरबॉक्स पहिल्यांदा उघडला, क्लच प्लेटा जळालेल्या निघाल्या. ९६ हजारला पुन्हा तेच. आता मीटर १ लाख ४ हजारवर आहे. थंड असताना एकदम सरळ चालते. अर्धा तास झाला की तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढतच नाही. साठ-सत्तरच्या वेगाला पायाखाली थरथर, खडीवरून गेल्यासारखी. स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी०७४१. गॅरेजवाला म्हणतो, पूर्ण बॉक्सच बदला. घरात आता गाडीचा विषय काढायचीही सोय उरली नाही.

जुना मिस्त्री
भाऊ, प्लेटा जळतात, पण का जळतात ते कुणी पाहिलंय का? दोन्ही वेळी ऑइल कूलर, म्हणजे गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी जाळी, बदलला होता का, आधी एवढं सांगा. जळालेल्या प्लेटांचा कीस आणि धातूचा चुरा कूलरच्या बारीक वाटांत अडकून बसतो. नवा बॉक्स लावला की तोच चुरा परत आत येतो, नाहीतर तुंबलेल्या कूलरमुळे तेल तापत राहतं. तुमची गाडी गरम झाल्यावरच अडते, म्हणून माझा पहिला संशय तिथेच.

दुसरं, पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरमधला क्लच नीट लॉक होत नाही. जुनाच कन्व्हर्टर धुऊन परत बसवला असेल तर तो वेल्ड करून बंद केलेला डबा असतो, कापून उघडल्याशिवाय आतला गाळ पुरता निघत नाही. कूलर रेडिएटरच्या पोटात असेल तर तेलाचा रंगही बघा. दुधाळ गुलाबी दिसलं तर कूलंट आत शिरतंय, आणि मग प्लेटांचं अस्तर सुटणारच.

दुसरा गिअर
मी असल्याच गाडीला कंटाळून विकली, दोष सांगून, पडत्या भावात. झोप लागायला लागली. पण तुमचं ९६ हजारचं काम फक्त ८ हजार किलोमीटर टिकलंय! त्या कामाची लेखी गॅरंटी असेल ना? नव्या बॉक्सचं बोलायच्या आधी ती काढा.

आणि तेलाची पातळी कशी बघितली तेही विचारा. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) नसलेल्या बॉक्समध्ये ती इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानालाच बघायची असते. गार तेलावर बघून भरलं तर हिशेब चुकतो.

थकलेला चालक
दोन्ही बिलं टेबलावर पसरून बसलो. कूलर कुठेच नाही! दुसऱ्या बिलात 'कन्व्हर्टर क्लीनिंग' अशी एक ओळ आहे, काका म्हणाले तेच. तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. गुलाबी नाही, काळपट, आणि उजेडात तिरपा धरला की करडी चमक दिसते. गॅरंटीचा कागदही सापडला, १० हजार किलोमीटरची.

जुना मिस्त्री
मग गाडी आता हलवूच नका, टो करून न्या. चालवून मीटर पुढे गेला तर कागद हातातून जाईल, आणि चुरा आणखी फिरेल. काढलेले भाग मात्र मागून घ्या.

थकलेला चालक
कागद समोर ठेवल्यावर मालकाचा सूर बदलला. उद्या सकाळी कूलरची परतीची नळी काढून तेलाचा प्रवाह मोजायचं कबूल केलंय. मी तिथेच उभा राहणार आहे. नळीतून काय येतं ते सांगतो.