मदत हवी आहे: विल्डर्सविलला मुक्काम, आईचे गुडघे आणि माझा कॅमेरा (स्वित्झर्लंड, सप्टेंबर अखेर)

किटलेन्सवाला

नमस्कार मंडळी,

इथले जुने धागे चाळले पण बहुतेक सगळे 'आठ दिवसांत सात शहरं' टाईप आहेत आणि मला नेमकं उलटं हवंय, म्हणून वेगळा धागा काढतोय.

तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण चाललोय, मी, बायको, आठ वर्षांची लेक, आई (६८) आणि बाबा (७२). झुरिखला उतरून थेट विल्डर्सविल, इंटरलाकेनच्या बाजूचंच गाव, तिथे सहा रात्री एकच अपार्टमेंट. रोज बॅगा भरा-उघडा हे बाबांना नको असतं आणि स्वैपाकघर आहे त्यामुळे आई खूश. स्विस ट्रॅव्हल पास (ट्रेन-बस-बोटींचा एकच पास) काढणार आहोत, लेकीचं फॅमिली कार्ड फुकट मिळतं असं वाचलं.

अडचणी दोन. आईला चढ चालतो, अगदी पर्वतीच्या पायऱ्याही हळूहळू चढते, पण उतरताना गुडघे बोंबलतात. बाबांची बायपास झालेली आहे, आता ठणठणीत आहेत, पण म्हणजे आहेतच ना ७२ चे.

तिसरी अडचण मी. क्रॉप सेन्सर (म्हणजे छोट्या सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स, एक ट्रायपॉड जो गेली तीन वर्षं माळ्यावर आहे. मागे मनालीला गेलो तेव्हा टॅक्सीवाला नेईल तिथे दुपारी बारा वाजता उतरायचं आणि क्लिक क्लिक, घरी येऊन बघितलं तर चारशे फोटोत आभाळ पांढरंफटक आणि डोंगर भुरकट. बायको म्हणाली यापेक्षा गुड मॉर्निंगवाले फॉरवर्ड बरे असतात. ते मनाला लागलंय.

कच्चा प्लॅन असा: एक दिवस युंगफ्राउयोख (बर्फातलं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन), एक दिवस ग्रिंडेलवाल्डहून फर्स्ट नावाचा डोंगर आणि बाखआल्पझे तलाव, एक दिवस लाउटरब्रुनेनचे धबधबे, एक दिवस मेनलिखेन ते क्लायने शायडेग चालत (सगळे म्हणतात सोप्पा रस्ता, उतारच उतार), एक दिवस ओशिनेनझे तलाव. सहावा दिवस पावसासाठी राखीव.

आता प्रश्न. कुठल्या जागी किती वाजता असायला हवं? सूर्यास्ताला डोंगर गुलाबी होतात ते फोटो कुठून काढतात, कारण मी बघतोय तर बहुतेक गोंडोला पाच-साडेपाचला बंद होतात आणि सूर्य मावळतो सव्वासातला! मग ते लोक वर राहतात की चालत उतरतात? आणि एवढे पैसे घालून युंगफ्राउयोख करावं का?

आगाऊ धन्यवाद.

आल्प्सची_सून

किटलेन्सवाले दादा, मी थुनला राहते, नऊ वर्षं झाली, दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईबाबा येतात त्यामुळे गुडघेवाला प्लॅन तोंडपाठ आहे :)

तुमचा सूर्यास्ताचा प्रश्न एकदम बरोबर आहे आणि उत्तर एका वाक्यात देते, जिथे माणसं राहतात तिथे थांबा. फर्स्ट, मेनलिखेन, शिनिगे प्लाट्टे या डोंगरांवर वरती एखाददुसरं हॉटेल सोडलं तर वस्ती नाही, पर्यटक उतरले की लिफ्ट बंद. पण म्युरेन हे खरंखुरं गाव आहे, १६३८ मीटरवर, गाड्यांना बंदी, शाळेतली पोरं आणि दूध-ब्रेड सगळं केबलकारनेच ये-जा करतं. त्यामुळे ती रात्री उशिरापर्यंत चालते. आणि म्युरेन दरीच्या पश्चिम अंगाला कड्यावर बसलेलं आहे म्हणजे आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तिन्ही शिखरं बरोबर समोर, पूर्वेला. संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे शिल्थॉर्नच्या बाजूला जातो, गावावर सावली पडते, थंडी वाजायला लागते, लोक आत जातात, आणि समोरच्या बर्फावर ऊन अजून असतंच. तेव्हा थांबायचं. शेवटची काही मिनिटं जो रंग येतो त्यासाठीच सगळा खटाटोप. आईबाबांना शाल घेऊन बाकावर बसवा, थर्मासमध्ये चहा द्या.

पास म्युरेनपर्यंत पूर्ण चालतो. लाउटरब्रुनेन स्टेशनसमोरून केबलकारने ग्रुट्शआल्पला, तिथून छोटी ट्रेन कड्याच्या काठाने म्युरेनला, ती ट्रेन १८९१ पासून आहे. येताना गावाच्या दुसऱ्या टोकाच्या केबलकारने श्टेखेलबर्गला उतरा, ही नवीन आहे, डिसेंबर २०२४ ला सुरू झाली, जगातली सगळ्यात तीव्र चढाची, १५९.४ टक्के. खाली १४१ नंबरची बस उभी असते. शेवटच्या वेळा एसबीबीच्या (स्विस रेल्वेच्या) अ‍ॅपवर त्या दिवशी परत बघा, ऐकीव वेळांवर जाऊ नका (माझ्यासुद्धा).

लेकीसाठी म्युरेनहून आल्मेंडहुबेलची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी रेल्वे), वर मोठं खेळायचं मैदान आहे, दुपार तिथे घालवा. तिचं फॅमिली कार्ड आईवडिलांपैकी कोणीतरी सोबत असेल तरच चालतं, नुसत्या आजीआजोबांबरोबर नाही, हे लक्षात ठेवा.

आणि मेनलिखेनचा रस्ता 'सोप्पा, उतारच उतार' हे पंचविशीतल्या लोकांचं मत आहे. साडेचार किलोमीटर उतार म्हणजे तुमच्या आईंना शिक्षाच की! उलटा करा. ट्रेनने क्लायने शायडेगला जा आणि तिथून मेनलिखेनकडे चाला, चढ अगदी हलका आहे, दर दहा मिनिटांनी मागे वळून आयगर बघायचा. मग मेनलिखेनहून केबलकारने वेंगेनला खाली. पास मात्र वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच पूर्ण, त्याच्या वर युंगफ्राउच्या रेल्वेवर २५ टक्के सूट, बाकीचं खिशातून.

घाटवाट

वर सुनेने झकास सांगितलंय, मी फक्त उजेडाचं बोलतो, दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत होतो.

लाउटरब्रुनेनचा श्टाउबबाख, जवळपास तीनशे मीटरचा, पश्चिमेच्या कड्यावरून पडतो म्हणजे त्याचं तोंड पूर्वेला. सकाळी जा. दुपारनंतर तो कडा सावलीत जातो आणि मग तुमचे मनालीचेच फोटो परत. पण फार लवकरही नको, दरी इतकी खोल आहे की सूर्य उगवून गेला तरी खाली ऊन पोचायला वेळ लागतो. मी सात वाजता जाऊन बसलो होतो शहाण्यासारखा, आधी कड्याचा माथा पिवळा झाला आणि ती रेघ इतकी सावकाश खाली सरकत होती की माझे दोन चहा झाले. धबधब्याच्या निम्म्यावर ऊन आणि निम्मा निळा असा जो फोटो मिळाला तो त्या ट्रिपमधला सगळ्यात भारी.

एक मात्र आधीच सांगतो, सप्टेंबरात पाणी कमी. फोटोत दिसतो तो मे-जूनचा, बर्फ वितळतानाचा. श्टाउब म्हणजे जर्मनमध्ये धूळ, वारा आला की पाणी खाली पोचायच्या आतच भुगा होऊन उडतं, आपल्या नाणेघाटात पाणी वर उडतं त्याचा लांबचा भाऊ म्हणा. ट्रुमेलबाख बघायचा असेल तर तो डोंगराच्या पोटात आहे, दहा धबधबे, आतून लिफ्ट आहे पण नंतर ओल्या पायऱ्या आहेतच. आईंना नको. तुम्ही आणि लेक जा, लेन्स पुसायला दोन फडकी न्या, एक पुरत नाही.

बाखआल्पझेला पहिल्या गोंडोलाने जा. फर्स्टपासून तीन किलोमीटर, तासभर. प्रतिबिंब पाहिजे तर वारा सुटायच्या आत पोचायला हवं, उन्हं तापली की पाण्यावर सुरकुत्या, मग नुसतं तळं. आणि पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावला असेल तर फिरवताना बघा, तो प्रतिबिंबच खाऊन टाकतो, मी पंचवीस फोटो तसे काढून मग शहाणा झालो. बर्फात कॅमेरा फसतो, सगळं राखाडी करतो, एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून घ्या.

चिंगी_पुणे

कोणीच सांगितलं नाही म्हणून, इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी ट्रेन त्स्वायल्युचिनेन नावाच्या स्टेशनात तुटते! अर्धी लाउटरब्रुनेनला, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. विल्डर्सविल त्याच्या आधी येतं त्यामुळे चढतानाच डब्यावरची पाटी वाचा. आम्ही बाकरवडीचं पाकीट फोडून गप्पा मारत बसलो, सासूबाई आणि नणंद पुढच्या डब्यात खिडकी मिळाली म्हणून तिकडे जाऊन बसल्या, थोड्या वेळाने फोन, 'अगं तुम्ही कुठे आहात, इथे तर गाई आहेत'. गाई दोन्हीकडे आहेत हो 😂 म्हणून अर्धा तास कोणालाच कळेना कोण चुकलंय. आम्ही चुकलो होतो.

बिनधास्त_बंड्या

युंगफ्राउयोख करू नका राव. माणशी दोनशे फ्रँकच्या वर जातात, गर्दी, वर ढग असले तर पांढऱ्या भिंतीकडे बघून परत. तेवढ्या पैशात महाबळेश्वरला आठवडा होतो.

आल्प्सची_सून

बंड्या, महाबळेश्वरला ग्लेशियर दाखव, मी येते :)

दादा, माझं मत असं, युंगफ्राउयोख फोटोसाठी जायचं असेल तर नको, आलेचची हिमनदी समोर बघायची असेल आणि आभाळ स्वच्छ असेल तर जरूर. आयगर आणि म्योंखच्या पोटातून सात किलोमीटरचा बोगदा, १९१२ साली पूर्ण झालाय, त्याचं अप्रूप तुमच्या बाबांना वाटेल. पण ते ३४५४ मीटर आहे आणि तुम्ही तासा-दीड तासात तिथे पोचता, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बायपास झालेल्या माणसाने आधी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढूच नये, आणि तेही सकाळी उठून वरचा वेबकॅम बघून मगच काढा.

डॉक्टर नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या विल्डर्सविल स्टेशनातूनच शिनिगे प्लाट्टेची दातेरी रुळावरची रेल्वे सुटते, १८९३ ची, पन्नास मिनिटं कुरकुरत वर जाते, १९६७ मीटर. उतरल्या उतरल्या तिन्ही शिखरं समोर आणि आईंना एक पाऊलही उतरावं लागत नाही. दुपारी उशिरा जा, उजेड चांगला पडतो, फक्त खाली यायची शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

पावसाच्या दिवशी ब्रिएन्झ तलावात बोट, पासवर फुकट. गीसबाखला उतरा, धक्क्यापासून १८७९ ची फ्युनिक्युलर वर नेते, ढगाळ दिवशी धबधबा उलट छान येतो, ऊन-सावलीची भानगड नाही. बाबांना जुने हिंदी पिक्चर आवडत असतील तर इंटरलाकेनच्या कुरझाल या जुन्या सभागृहाच्या बागेत यश चोप्रांचा पुतळा आहे, आमच्याकडचे सगळे बाबालोक तिथे कमरेवर हात ठेवून फोटो काढतात.

ओशिनेनझेला मात्र नक्की जा. कांडरस्टेगहून गोंडोला, वरून तळ्यापर्यंत वीसेक मिनिटांची वाट आहे पण जाताना उतार! आईंसाठी इलेक्ट्रिक गाडी असते, थोडे पैसे घेतात, लाजू नका, बसवा.

किटलेन्सवाला

काय लिहू, एवढं सगळं ट्रॅव्हलवाल्याने पैसे घेऊन सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं, मेनलिखेन उलटं करायचं म्हटल्यावर म्हणाली, 'बघ, मी म्हणतच होते'. ती काहीही म्हणत नव्हती.

बदललेला प्लॅन: पहिला दिवस काहीच नाही, फक्त म्युरेन, दुपारी जायचं आणि रंग संपेपर्यंत हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा श्टाउबबाख, बाकीचे झोपतील. मग फर्स्ट, तिथे आई-बाबा वर कॉफी पीत बसतील आणि आम्ही तिघं तळ्यापर्यंत. शिनिगे प्लाट्टे पक्कं. ओशिनेनझे पक्कं. युंगफ्राउयोखचं बाबांच्या डॉक्टरांना गुरुवारी विचारतोय, बाबा आत्तापासूनच त्यांच्याशी गोड बोलायची प्रॅक्टिस करतायत.

अजून दोन शंका. ड्रोन न्यावा का, मेव्हणा देतोय त्याचा. आणि आई कुकर घेऊन चाललीय, साडेतीन लिटरचा, तिला कसं थांबवू?

घाटवाट

ड्रोन घरीच ठेवा. कॅमेरा असलेल्या ड्रोनला रजिस्ट्रेशन लागतं, त्यात लाउटरब्रुनेनच्या दरीत हेलिपोर्ट आहे आणि डोंगरात राखीव क्षेत्रं आहेत जिथे उडवताच येत नाही. सुट्टीत नकाशे वाचत बसाल. त्याऐवजी तो माळ्यावरचा ट्रायपॉड काढा, पायांचे स्क्रू घट्ट होतायत का बघा, माझा एक पाय म्युरेनला हळूच खाली बसला होता आणि माझी सगळी शिखरं डावीकडे कललेली आहेत.

आल्प्सची_सून

कुकरचं काय सांगू. इथे बहुतेक घरांत काचेच्या सपाट शेगड्या असतात, कधी इंडक्शन असते, आणि इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, हे आईंना सांगून बघा, तांत्रिक कारण दिलं की ऐकतात. खिचडी पातेल्यात होते. तांदूळ-डाळ कूप सुपरमार्केटमध्ये मिळतं, फक्त रविवारी गावातली दुकानं बंद असतात, शनिवारीच आणून ठेवा. मेतकूट मात्र आणा, ते इथे मिळत नाही, आणि जास्त आणलंत तर थुन तुमच्यापासून काही फार लांब नाही ;)

चिंगी_पुणे

आमच्या सासूबाईंनी नेलाच होता कुकर. इंडक्शनवर ढिम्म हलला नाही. सहा दिवस त्यात बटाटे ठेवले.