दुधी-दोडक्याला फुले भरपूर, पण फळ का धरत नाही?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)
घरामागच्या सुमारे तीनशे चौरस फूट काळ्या जमिनीत मी जूनअखेरीस दुधी, दोडका आणि भेंडी लावली. वेलांनी मांडव झाकून टाकला आहे, फुलेही भरपूर येतात. मात्र दुधी बोटाएवढा झाला की पिवळा पडून गळतो. दर पंधरा दिवसांनी मूठभर युरिया देते. गेल्या आठवड्यात सकाळी नऊ वाजता हाताने परागीभवन करून पाहिले, तेही वाया गेले. भेंडीची तर आठवड्यातून जेमतेम एक वेळची भाजी होते. उत्पन्न वाढवण्यासाठी काय करावे?

उत्तर (अंबाजोगाई)
ताई, युरिया आधी थांबवा, कारण नत्र जास्त झाले की वेल पाने आणि शेंडेच वाढवत राहतो. त्याऐवजी चांगले कुजलेले शेणखत द्या.

खरी अडचण मला वेळेची वाटते. काकडी, कारले आणि तांबडा भोपळा यांची फुले सकाळी उमलतात, पण दुधी आणि दोडक्याची फुले दिवस कलल्यावर उमलतात. त्या वेळी मधमाश्यांची वर्दळ ओसरलेली असते आणि आपल्या वस्त्यांमध्ये रात्रीचे पतंगही पुरेसे येतीलच असे नाही. सकाळी नऊला तुम्ही हाताळलेली दुधीची फुले बहुधा कोमेजलेलीच असावीत. दिवेलागणीला मांडवाखाली जा. ज्या फुलाखाली इवलेसे फळ दिसते ते मादी आणि नुसत्या बारीक देठावरचे ते नर. ताज्या नर फुलाच्या पाकळ्या काढून त्यातील पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने लावा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलेच अधिक येतात आणि मादी फुले बगलफुटींवर अधिक, म्हणून वेल मांडवावर पोहोचताच शेंडा खुडावा. हे एक काम मी कधीही चुकवत नाही.

उत्तर (परभणी)
गळलेला एखादा दुधी चिरून पाहावा. आत अळ्या असतील तर तो फळमाशीचा प्रादुर्भाव समजावा आणि गळलेली फळे वेलाखाली न ठेवता रोज वेचून खोल पुरावीत.

भेंडी दिवसाआड तोडावी, कारण झाडावर निबर शेंगा राहिल्या की त्यातील बी पोसण्यातच झाडाची शक्ती जाते आणि नवी फुले कमी होतात. बियाणे कोणते वापरले? आपल्या कृषी विद्यापीठाचे ‘परभणी क्रांती’ हे वाण हळद्या रोगाला प्रतिकारक म्हणून ओळखले जाते. ते संकरित नसल्याने निरोगी झाडाचे बी पुढच्या वर्षासाठी ठेवता येते.

उत्तर (औसा, जि. लातूर)
काळ्या रानात पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे पुढच्या लागवडीला वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. पाऊस उघडल्यावर वेलांच्या बुडाशी उसाचे पाचट अंथरावे. ओल टिकते आणि भेगा पडत नाहीत.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. चिरलेल्या दुधीत अळ्या आढळल्या नाहीत. काल सायंकाळी सात मादी फुलांना पराग लावला आणि ती ओळखू यावीत म्हणून प्रत्येकीजवळ वेलाला तांबडा दोरा सैल बांधला आहे. त्यातली किती धरतात ते आठवडाभरात येथेच कळवते.