मदत हवी आहे: वारशाने आलेल्या ‘ब्रिटिश बुलडॉग’ रिव्हॉल्व्हरचा काळ कसा ठरवावा?

नमस्कार. वडिलांच्या पश्चात माझ्याकडे एक जुने रिव्हॉल्व्हर आले आहे. त्याची नोंद व परवाना रीतसर झालेला असून ते रिकामे असल्याची खात्री जाणकाराकडून करून घेतली आहे. ते चालवण्याचा विचार नाही. ते साधारण कोणत्या वर्षांत बनले असावे, एवढेच मला ठरवायचे आहे, आणि त्यात मी एका ठशापाशी येऊन अडलो आहे.

आधी वर्णन देतो. नळी जेमतेम ६३ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच लांब आहे आणि तिच्यात आतून पेचदार खाचा आहेत. चक्रीत पाच कप्पे आहेत. सांगाडा अखंड आहे, मधोमध मोडून उघडणारा नाही. उजव्या बाजूची लहान झडप उघडून एकेक काडतूस भरायचे आणि चक्रीच्या पोकळ आसात बसवलेली सळई बाहेर ओढून, बाजूला वळवून, तिने रिकामी टरफले ढकलून काढायची, अशी रचना आहे. मूठ लाकडी, खाली वळत निमुळती होणारी आहे आणि तिच्या टोकाला दोरी अडकवण्याची कडी आहे. कप्प्याचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर भरतो, पण तेवढ्यावरून ते .४४२ चे की .४५० चे (ही काडतुसांची इंचातील मापे) हे सांगता येत नाही, कारण त्या दोन्ही काडतुसांची जाडी जवळपास सारखीच असते.

नळीच्या वरच्या पट्टीवर रोमन लिपीत ‘ब्रिटिश बुलडॉग’ असे कोरलेले असल्यामुळे घरात सर्वजण ते इंग्लंडचेच समजत आले. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने या नावाचे रिव्हॉल्व्हर १८७२ मध्ये बाजारात आणले हे खरे, परंतु बेल्जियममधील लिएजच्या कारागिरांनी त्याच्या नकला मोठ्या प्रमाणावर केल्या आणि कोरीव नावासकट विकल्या. त्यामुळे हे नाव पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. माझ्या रिव्हॉल्व्हरवर वेब्लीचे नाव नाही, त्यांचे पंख असलेल्या गोळीचे चिन्हही नाही. उलट चक्रीवर एका लंबगोलात ई, एल, जी ही रोमन अक्षरे आणि त्यांखाली तारा आहे, आणि तो लिएजच्या चाचणीगृहाचा, म्हणजे बंदुका तपासून त्यांवर ठसा मारणाऱ्या संस्थेचा, ठसा आहे. देशाचा प्रश्न माझ्या मते येथेच संपतो.

काळाचा प्रश्न मात्र संपत नाही. सांगाड्यावर एक अक्षर आणि त्याच्या डोक्यावर तारा असा निरीक्षकाचा ठसा आहे. १८७७ पूर्वी त्या ताऱ्याच्या जागी मुकुट असे, म्हणून ही वस्तू १८७७ नंतरची, हे मी धरून चालतो. वरची मर्यादा लंबगोलावर अवलंबून आहे, कारण १८९३ पासून त्याच्या माथ्यावर मुकुट आला. नेमका तोच भाग कोणीतरी (बहुधा माझ्या काकांनी, ज्यांना घरातली कोणतीही धातूची वस्तू चकाकल्याशिवाय चैन पडत नसे) घासून गुळगुळीत केला आहे. भिंगातून पाहिल्यावर तेथे दोन बारीक रेषा दिसतात. त्या मुकुटाचा अवशेष असतील किंवा नुसते ओरखडेही असतील.

या मुकुटाला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे, की पणजोबांच्या हिशेबाच्या वहीत १८८९ च्या एका पानावर ‘पिस्तुल एक, विलायती’ अशी नोंद आहे. मुकुट असेल, तर ती नोंद या रिव्हॉल्व्हरची असूच शकत नाही. खाचा असलेल्या नळीसाठी १८९४ पासून मुकुटधारी ‘आर’ हा ठसा वापरात आला, तो येथे मला सापडलेला नाही. पण नळीचाही बराच भाग घासला गेलेला असल्यामुळे त्या अभावावर विसंबावे असे वाटत नाही. सांगाडा, चक्री आणि झडप यांवर एकच तीन आकडी क्रमांक आहे, मात्र तो जुळणीचा क्रमांक दिसतो, त्यावरून वर्ष निघणार नाही.

तेव्हा जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. मूळ पृष्ठभागाला आणखी धक्का न लावता असा झिजलेला ठसा वाचण्यासाठी, तिरप्या प्रकाशात छायाचित्रे घेण्यापलीकडे, दुसरा कोणता उपाय आपण वापरला आहे? आणि ज्यांच्याकडे लिएजचे बुलडॉग आहे, त्यांनी १८९३ च्या आधीच्या व नंतरच्या नगांच्या घडणीत, विशेषतः झडपेच्या किंवा सळईच्या बसवणीत, काही फरक पाहिला आहे का?