शब्दचर्चा : शोकांतिका की शोकात्मिका?

प्रश्न : नाट्यविषयक लेखनात ‘शोकांतिका’ आणि ‘शोकात्मिका’ हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले आढळतात. त्यांत काही भेद मानावा का? मानावा, तर कोणता शब्द अधिक अचूक ठरेल?

उत्तर : व्युत्पत्तीने भेद आहेच. ज्याचा अंत शोकात होतो ते ‘शोकांत’ आणि शोक हाच ज्याचा आत्मा आहे ते ‘शोकात्म’. पहिल्यात नाटक कोठे जाऊन थांबते ते कळते, तर दुसऱ्यात ते कशाचे घडलेले आहे ते कळते. माझा कौल ‘शोकात्मिका’ या शब्दाला आहे, आणि त्याचे कारण शब्दकोशापेक्षा शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ हे आहे.

आम्हा नाशिककरांपैकी अनेकांप्रमाणे मीही या नाटकाकडे तात्यासाहेब शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’वरून (१९७०) वळलो. सर्वस्व देऊन टाकलेल्या बापाची परवड तेथे आधीच भेटली होती, त्यामुळे मूळ नाटकाचा शेवट काय असणार याची धास्ती घेऊनच मी वाचायला बसलो; पण मला थांबवले ते पहिल्या अंकाच्या अखेरच्या प्रवेशाने. धाकट्या मुलीला हाकलून दिलेला आणि थोरलीकडून अपमान पदरात पडलेला लिअर विदूषकासोबत उभा आहे. विदूषक त्याला एकामागून एक कोडी घालून गुंतवू पाहतो, आणि त्या बोलण्यातच, कोणी काही विचारलेले नसताना, लिअर म्हणतो की मी तिच्यावर अन्याय केला. तो नावही घेत नाही. विदूषक लगेच विचारतो, शिंपल्यातला जीव आपले कवच कसे घडवतो ते सांगता येईल का? आणि कोडी पुढे चालू राहतात. वादळ, वेड, ग्लॉस्टर या सरदाराचे डोळे काढले जाणे हे सारे अजून व्हायचे आहे. शोक मात्र येऊन बसलेला आहे. ‘शोकांतिका’ हा शब्द त्या एका वाक्याला जागाच देत नाही.

शेवटाला महत्त्व नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १६८१ मध्ये नाहुम टेट याने हे नाटक सुखान्त करून लिहिले. त्यात लिअरला राज्य परत मिळते, धाकटी मुलगी कॉर्डेलिया जगते आणि ग्लॉस्टरचा मुलगा एडगर याच्याशी तिचा विवाह ठरतो. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने मूळ नाटक पुन्हा उभे करीपर्यंत, सुमारे दीडशे वर्षे, इंग्लंडच्या रंगभूमीवर या रूपाचेच राज्य होते. मूळ शेवट लोकांना सोसवत नव्हता, हे मी समजू शकतो. तो मलाही सोसवला नाही.

प्रतिप्रश्न : मग संस्कृत नाटककार भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’ला आपण शोकात्मिका म्हणाल का? शोक हा करुण रसाचा स्थायिभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव, आहे आणि करुण हा एकच रस होय असे त्याच नाटकात म्हटले आहे. त्याचा तिसरा अंक तर आपल्या पंचवटीच्या परिसरातच घडतो. शेवट मात्र पुनर्मीलनाचा आहे.

उत्तर : आक्षेप रास्त आहे, आणि तो तिसऱ्या अंकाच्या आधारेच तपासावा असे मला वाटते. पंचवटीत परतलेला राम सीता गेली असे धरून विलाप करतो, मूर्च्छित पडतो. ती मात्र अदृश्य रूपाने त्याच्याजवळच आहे आणि तिच्याच स्पर्शाने तो शुद्धीवर येतो. रामाचा शोक खरा असला तरी ती जिवंत आहे हे प्रेक्षकाला दिसत असते. लिअरच्या अखेरच्या प्रवेशात नेमके उलट घडते. मुलीचे कलेवर हातांत घेऊन तो आरसा मागतो, तिच्या ओठांपाशी पीस धरतो आणि ते हलले असे त्याला वाटते. ते हललेले नाही हे आपल्याला कळते. रामाच्या शोकात प्रेक्षकाला आधार आहे, येथे लिअरला वाटणारी आशाच प्रेक्षकाला सर्वांत जड जाते. म्हणून ‘उत्तररामचरिता’ला मी करुणरसप्रधान नाटक म्हणेन. जे घडले ते फिरवता येत नाही आणि ज्याच्या हातून घडले त्याला ते उमगते, अशा नाटकासाठी ‘शोकात्मिका’ हा शब्द राखून ठेवावा.

व्यवहारात ‘शोकांतिका’ आता नाटकापुरती उरलेली नाही. लासलगावला कांद्याचे भाव कोसळले की ‘ही शेतकऱ्याची शोकांतिका’ असे आपण सहज लिहितो. तेथील दुःख खोटे नाही, पण ते त्या शेतकऱ्याच्या कृतीतून आलेले नसते. म्हणून अशा ठिकाणी ‘दुर्दैव’ किंवा ‘परवड’ हे शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतात. रुळलेला वापर चूक ठरवण्याचे कारण नाही. नाट्यसमीक्षेत मात्र नामासाठी ‘शोकात्मिका’ व विशेषणासाठी ‘शोकात्म’ वापरावे, आणि केवळ शेवटाविषयी बोलायचे असेल तेथे ‘शोकांत’ म्हणावे.