अनुभव धागा: ड्यूटीवर जिच्याशी पटत नाही, तिच्यासोबत काम कसं करता?

नाईटवाली
नर्सिंगमधल्या मंडळींसाठी हा धागा. भांडखोर लोकांबद्दल नको. कामाला चांगली, पण पद्धत आपल्या अगदी उलट, अशा सहकाऱ्यांबद्दल लिहा. हॉस्पिटलची, माणसांची नावं टाळा.

सुरुवात मी करते. आयसीयूत माझ्या जोडीची सिस्टर आधी सगळं लिहून काढणार, मग पेशंटकडे वळणार. मी ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटचा ताबा, घेतला की आधी ड्रेन, लाईन्स, पंप बघते, लिखाण मागून. ती मला पसारेवाली म्हणायची, मी तिला कारकून. या वादात खरा मुद्दा राहूनच जायचा. पोटॅशियमचं इन्फ्युजन भरलं की दुसरीने अँप्युल बघून, स्वतः हिशेब करून सही करायची असते. बाई मान वर न करता सही ठोकायच्या. "तू भरलंयस ना, मग बरोबरच असणार!" एकदा चहाला बसलो असताना सांगून टाकलं, की लिखाण तू केव्हाही कर, त्यावर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही, पण पोटॅशियम, हेपॅरिन, इन्सुलिनवर न बघता केलेली सही मला चालणार नाही. तिने ऐकलं. पसारेवाली मात्र मी अजून आहेच.

लाल_टोपी
सरकारी रुग्णालय, मेडिसिन वॉर्ड. मी नवीन बीएस्सी, माझ्यासोबतच्या ताई जुन्या जीएनएम, म्हणजे नर्सिंग डिप्लोमावाल्या. सगळा वॉर्ड त्यांना तोंडपाठ. आमचं वाजलं ते इन्सुलिनवरून. आपल्याकडची साधी व्हायल एमएलला 40 युनिटची, तिची सिरिंज लाल टोपीची. लाल संपल्या की स्टोअरमधून एमएलला 100 ची, नारिंगी टोपीची सिरिंज येते. ताई डोक्यात हिशेब करायच्या: 20 युनिट म्हणजे अर्धा एमएल, नारिंगीवर 50 ची रेघ. त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. पण त्याच ट्रेमधून विद्यार्थिनींनी नारिंगी सिरिंज 20 च्या रेघेपर्यंत भरली, तर पेशंटला जाणार फक्त 8 युनिट. हे मी भर राऊंडमध्ये बोलले असते तर ताईंनी मला जन्मभर माफ केलं नसतं. दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर म्हटलं, "ताई, तुम्हाला जमतं, या पोरींचं काय?" त्यांनी दोन मिनिटं माझ्याकडे नुसतं बघितलं. मग स्वतः इंडेंट (स्टोअरचं मागणीपत्र) लिहिलं, नारिंगी सिरिंजा वेगळ्या डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवल्या आणि खाली लाल टोपीच्या मागवल्या. त्यानंतर डिहायड्रेशनच्या पेशंटची शीर बोटाने कशी चाचपायची ते त्यांनीच मला शिकवलं. टूर्निकेट बांधून डोळ्यांनी शोधत बसायचं नाही, एवढं कॉलेजने सांगितलं नव्हतं.

ब्रदर_नाही_भाऊ
पेशंट उचलायचा असला की "ब्रदर!" ही हाक ठरलेली. माझी पार्टनर ट्रॉली लावण्यात अर्धा तास घालवायची आणि दोन-दोन तासांनी पेशंटची पोझिशन (कूस) बदलायचं माझ्या गळ्यात. मेट्रनकडे गेलो नाही. पोझिशन चार्टवर दोन सह्यांचा रकाना आखला. सही करायची तर बेडजवळ यावंच लागतं. थोडे दिवस रुसली, आता येते.

साहेबांच्या_देशात
मी इंग्लंडमध्ये आहे. इथे काही घडलं की डेटिक्सवर ऑनलाइन नोंद करतात. फार्मसीतून अँटिबायोटिक उशिरा आलं आणि माझ्या सहकारीने माझ्या शिफ्टवर डेटिक्स टाकलं, मला न सांगता. आपल्याकडे लेखी म्हणजे मेमोच. माझी रात्रीची झोप उडाली. विचारलं तर तिलाच आश्चर्य वाटलं, म्हणे तक्रार औषध उशिरा येण्याची आहे, तुझी कुठे? आता आमचा करार आहे: टाकायच्या आधी तोंडी सांगायचं. खरं सांगायचं तर अजूनही माझ्या शिफ्टचं डेटिक्स म्हटलं की पोटात गोळा येतोच.

निवृत्त_परिसेविका
सगळं वाचलं. मुलींनो, अर्ध्या भांडणांचं मूळ ड्यूटी लिस्टमध्ये असतं. नर्सिंग कौन्सिलचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. माझ्या वॉर्डात रात्री एका नर्सकडे चाळीस असायचे. अशा वेळी 'कामाची पद्धत' म्हणजे काय, तर कुणी काय गाळायचं ठरवलं ते! एक लिखाण गाळते, दुसरी स्पंजिंग, आणि दोघी एकमेकींना कामचुकार म्हणतात. मी इनचार्ज असताना दोघींना समोर बसवून आज काय गाळलं ते ओव्हर बुकात लिहायला लावायचे. आधी घाबरायच्या. पण तीच वही घेऊन मी वर माणसं मागायला जायचे. मिळायची कधीमधी, हेही लिहून ठेवते.

आणि एक. ओव्हर देताना भांडू नका. जाणारीची एसटी असते.

नाईटवाली
मॅडम, 'आज काय गाळलं' हे आमच्याकडे लिहिलं तर पेशंटचे नातेवाईक मोबाईलमध्ये फोटो काढतील!

निवृत्त_परिसेविका
म्हणून ती वही टेबलावर नाही, माझ्या कपाटात असायची.

मॉप_काउंट
आमचं मिटलं नाही. ती चांगली, मीही चांगली, पण एका वॉर्डात दोघी म्हणजे रोज कटकट. मी ओटीला बदली मागितली. इथे सर्जन ओरडतात, ते चालतं. पोट बंद करायच्या आधी स्क्रब (सर्जनच्या हाताशी उभी) आणि सर्क्युलेटिंग (बाहेरून सामान देणारी) अशा दोघी नर्सनी मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोठ्याने मोजायचे. आकडा जुळला तर पुढे, नाही तर सर्जनसुद्धा थांबतो.