केसांसाठीच्या पीआरपीमध्ये वेदना कमी करण्यासाठी काय करता येते? (सल्ला हवा)

मृदुला_ठाणे
नमस्कार. केसगळतीसाठी मी पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव डोक्याच्या त्वचेत टोचण्याचा उपचार) सुरू केले असून पहिले सिटिंग नुकतेच झाले. भुलीची क्रीम अर्धा तास लावली होती, तरीही कपाळाच्या वरच्या कडेला आणि कानशिलांजवळ प्रत्येक टोचणीला डोळ्यांत पाणी येत होते. डॉक्टरांना विचारले असता ‘एवढे सहन करावेच लागते’ असे उत्तर मिळाले. उपचार सोडण्याचा विचार नाही. परंतु पुढच्या वेळी कोणता उपाय आग्रहाने मागावा आणि घरून वेदनाशामक गोळी घेऊन जावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

त्वचावैद्य
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. प्रथम गोळीविषयी: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन आधी घेऊ नये, कारण ज्या प्लेटलेटच्या भरवशावर हा उपचार उभा आहे त्यांच्याच कामात या गोळ्या अडथळा आणतात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असल्यास ती मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. पॅरासिटामॉल चालते, पण टोचताना होणाऱ्या तीव्र वेदनेवर तिचा फारसा परिणाम होत नाही.

आता क्रीमविषयी. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही भुलीची औषधे असलेली ही क्रीम चेहऱ्यावर चांगली काम करते, पण त्यासाठी तिचा जाड थर लावून वर प्लास्टिकचे आवरण घालावे लागते आणि किमान तासभर थांबावे लागते. डोक्यावर केस असल्यामुळे ती त्वचेला नीट लागत नाही. तुमचा तर अर्धाच तास झाला होता. जास्त परिणाम व्हावा म्हणून घरी मोठ्या भागावर मनाने थापणे मात्र धोक्याचे आहे, कारण औषध रक्तात जाते.

डोक्यासाठी माझी पहिली पसंती ‘ब्लॉक’ला आहे. कपाळाकडील भागाची संवेदना भुवयांच्या वर बाहेर पडणाऱ्या नसांमधून जाते आणि मागच्या भागाची मानेच्या वरून येणाऱ्या नसांमधून. तेथे लिग्नोकेनची मोजकी इंजेक्शने दिली की पुढच्या शंभरेक टोचण्या जवळजवळ जाणवत नाहीत. ब्लॉक देतानाही थोडे झोंबते, कारण भूल जास्त वेळ टिकावी म्हणून वापरले जाणारे अ‍ॅड्रेनॅलिनयुक्त लिग्नोकेन आम्लधर्मी असते. त्याच्या नऊ-दहा भागांत ८.४ टक्के सोडियम बायकार्बोनेटचा एक भाग मिसळला, तर हे झोंबणे बरेच कमी होते. आपल्याकडे हे सोपे काम अनेक ठिकाणी केवळ सवय नसल्यामुळे राहून जाते, असे मला वाटते.

विदर्भवासी
मी ब्लॉक घेतला नाही, कारण सुयांचीच भीती होती. टोचण्याच्या जागेशेजारी हातातले कंपन यंत्र धरल्याने मात्र मला खूप फरक पडला. माझ्या डॉक्टरांनी १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेला सिद्धांत समजावून सांगितला होता: स्पर्शाचे आणि कंपनाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. त्याबरोबर आधी काही सेकंद बर्फ लावत असत. सुईविषयीही बोलून घ्यावे. इन्सुलिनची ३१ गेजची बारीक सुई वापरली, तरी पंधरा-वीस टोचण्यांनंतर ती बोथट होते आणि त्वचेत शिरताना अक्षरशः ‘टक्’ असे जाणवते. ती मध्येच बदलायला सांगण्यात संकोच करू नये.

नेहा_पनवेल
ब्लॉक घेतल्यानंतर माझ्या कपाळावर सूज आली आणि दुसऱ्या दिवशी ती पापण्यांपर्यंत उतरली. शिवाय, पीआरपीतच भुलीचे औषध मिसळले तर वेगळी सुई टळेल, असे एका ठिकाणी सुचवले गेले होते. ते योग्य आहे का?

त्वचावैद्य
अशी सूज बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरते, पण तिची कल्पना आधीच द्यायला हवी होती. कार्यालयात जायचे असेल तर हा मुद्दा लहान नाही. सूज वाढत असेल, लाली किंवा ताप असेल, तर मात्र दाखवावे. मिसळण्याबाबत मी नाही म्हणेन. स्थानिक भुलीच्या औषधांमुळे प्लेटलेटचे काम मंदावल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. रुग्णांमध्ये त्याने परिणाम किती घटतो हा वादाचा विषय असला, तरी ब्लॉक उपलब्ध असताना ती जोखीम घ्यावी कशाला?

पीआरपी आत जाताना जी आग होते, तिला रक्त गोठू नये म्हणून घातलेले आम्लधर्मी सायट्रेटचे द्रावणही कारण असते. म्हणून घाई न करता, थोडे थोडे आणि सावकाश टोचणे यालाही तितकेच महत्त्व आहे.

मृदुला_ठाणे
सर्वांचे आभार. ब्लॉकची मागणी करेन. मला रक्तदाबाचा त्रास आहे. अ‍ॅड्रेनॅलिन चालेल का?

त्वचावैद्य
हा निर्णय तुमचा रक्तदाब मोजून तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, म्हणून चालू गोळ्यांची यादी आणि पूर्वी दातांच्या वेळी भुलीने काही त्रास झाला असल्यास तेही आधी सांगावे. रक्तदाबाची गोळी त्या दिवशी चुकवू नये आणि उपाशीपोटी जाऊ नये. अ‍ॅड्रेनॅलिन टाळायचे ठरल्यास साधे लिग्नोकेन वापरता येते, परंतु त्याचा असर लवकर उतरतो. त्यामुळे रक्त काढून सेंट्रिफ्यूजचे (यंत्रात रक्त वेगाने फिरवून पीआरपी वेगळे करण्याचे) काम उरकल्यावरच ब्लॉक द्यावा आणि लगेच टोचायला सुरुवात करावी, असे त्यांना आधीच सांगून ठेवा.